पाखडायचं नव्हे, प्यायचं सूप

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी चुलीपुढे बसून ऐकत असाल, कुणी गोठ्यात धार काढता काढता, कुणी रानातून येताना फोन पदराच्या गाठीला बांधून. सगळ्यांना आमच्या बचत गटाकडून रामराम.

मागच्या खेपेला आम्ही कर्जाची वही कशी लिहायची ते सांगितलं होतं. आज वही बाजूला ठेवायची आणि चुलीवर पातेलं चढवायचं. आज लाल भोपळ्याचं सूप. हा विषय ठरला तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी म्हणाल्या, "सूप? अगं बायांनो, सूप पाखडायचं असतं. प्यायचं कधीपासनं झालं?" बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांना सांगितलं, आजी, तुम्ही थंडीत हुलग्याचं माडगं करता ना, हुलगे भाजून, दळून, ते पीठ कालवून शिजवलेलं? त्याच घरातलं हे. माडगं, सार, कढण, पेज, आणि त्यांच्या ओळीत बसवलेलं हे सूप. तेव्हा आजी म्हणाल्या, "मग माडगंच म्हणा की." तुम्हाला भोपळ्याचं माडगं म्हणायचं असेल तर तसं म्हणा, आमची काही हरकत नाही.

भोपळ्याच्या नावाचीही गंमतच आहे. आम्ही लाल भोपळा म्हणतो, कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ, कुणी गंगाफळ. गटात एक वहिनी विदर्भातून सून होऊन आल्यात, त्या याला कोहळं म्हणतात. आपल्याकडे कोहळा म्हटलं की पांढरा, पेठ्याचा. पहिल्या वर्षी त्यांच्या सासूनं "कोहळं घेऊन ये" असा त्यांचा निरोप ऐकून बाजारातून भलतंच फळ आणलं होतं. तर आज आपण बोलतोय ते बाहेरून पिवळट-तपकिरी, आतून केशरी, फाका पडलेलं, त्या भोपळ्याबद्दल.

आता हे सूप आमच्या गटात आलं कसं, ते आधी सांगतो. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतोय. नाव घेणार नाही.

आमचा माण तालुका, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. पाऊस कमी, रानं कोरडी, आणि मार्गशीर्ष-पौषात रात्री अशी थंडी पडते की गोधडीवर गोधडी घ्यावी. इथली पुष्कळ माणसं कामाला मुंबईला. घरी बाई, पोरं, म्हातारी माणसं आणि दोन शेरडं. आमच्या गटातली ही एक त्यातलीच. नवरा मुंबईला माथाडी काम करतो, घरात ती, दोन मुली आणि सासू.

मागच्या हिवाळ्यात ती लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. पहिल्या वेळी मोठ्या मुलीच्या हाती हप्ता पाठवला. दुसऱ्या वेळी हप्ताही नाही आणि निरोपही नाही. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे वहीत गैरहजेरी मांडली आणि १० रुपये दंड लिहिला. "तिला काय झालंय?" असं त्या दिवशी एकीनंही विचारलं नाही, हे खरं सांगायला हवं. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. बैठकीच्या सुरुवातीला आम्ही ते भराभर म्हणतो आणि पुढच्या सूत्रावर जातो.

चार दिवसांनी तिच्या घरी गेलो तेही हप्त्यासाठी. विचारपूस करायला गेलो असं म्हणायला बरं वाटतं, पण वही बरोबर होती. दारात गेलो तर ती भिंतीला टेकून उन्हात बसलेली. ओळखू येईना. गालफडं बसलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पंधरा दिवस ताप होता. सरकारी दवाखान्यात दाखवलं, गोळ्या झाल्या, ताप उतरला. पण जेवण जाईना. बाजरीची भाकरी तोंडात फिरायची, कोरड्यास तिखट लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हलका आहार घ्या." आम्ही विचारलं, मग काय खातेस? म्हणाली, "च्या-बिस्कीट."

मैत्रिणींनो, हलका आहार म्हटलं की आपल्या कानाला चहा-बिस्कीटच ऐकू येतं. कारण त्याला कुणाला काही करावं लागत नाही. नवरा आजारी पडला तर आपण मऊ भात करतो, पोर आजारी पडलं तर खिमट करतो. बाई आजारी पडली तर तिनं स्वतःसाठी वेगळं काय करायचं? लाज वाटते. "माझ्या एकटीसाठी कुठं गॅस जाळायचा?" हे वाक्य तिनंही म्हटलं. तुम्हीही म्हटलं असेल. आम्हीही म्हटलंय. पाच रुपयांचा पुडा, दोन वेळा चहा, असं ती दहा दिवस चालवत होती. चहात बुडवलेल्या बिस्किटात मैदा आणि साखर, दुसरं काय असतं? शिवाय गोळ्या रक्तवाढीच्याही दिलेल्या होत्या, आणि त्या ती चहाबरोबरच घ्यायची. चहाबरोबर लोहाची गोळी घेतली की ती अंगाला लागायची तशी लागत नाही. हे आशाताईंनी सांगितलेलं होतं, पण ऐकून सोडून दिलेलं.

घरात काय आहे ते बघायला आम्ही आत गेलो. कांदे होते, लसूण होता, डब्यात मुगाची डाळ होती. आणि पत्र्याच्या खाली, भिंतीच्या कडेला, जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर चांगला चार किलोचा भोपळा ठेवलेला. तिच्याच उकिरड्यावर आलेला. विचारलं, हा कधीचा? म्हणे दिवाळीच्या आधीचा. मग केला का नाही? तर सासू आतून म्हणाली, "फोडायला गडीमाणूस कुठं हाय घरात?"

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना नवल वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे काही घरांत बाईनं भोपळा फोडायचा नाही अशी रीत आहे. पहिला घाव पुरुषानं घालायचा, निदान पोरानं तरी. मग पुढे बाईनं कापायचा, शिजवायचा, वाढायचा, भांडी घासायची. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. नारळाचंही कित्येक ठिकाणी तसंच. तिच्या घरी दोन मुली. दिराचं घर लागून, पण बांधावरून बोलणं बंद. नवरा येणार संक्रांतीला. म्हणजे चांगला पिकलेला भोपळा दोन महिने भिंतीशी बसून, आणि घरधनीण चहा-बिस्कीट खाऊन भिंतीशी बसून.

आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्याच्या घरात जाऊन सासूच्या देखत तिची रीत मोडायची हे बरं दिसत नाही, आणि त्याचा त्रास पुन्हा सुनेलाच व्हायचा. आम्ही एवढंच म्हणालो, "आत्याबाई, पोरीच्या पोटात काही गेलं नाही तर ती संक्रांतीपर्यंत उभी राहायची नाही." म्हातारी बराच वेळ गप्प बसली. मग धाकट्या नातीला म्हणाली, "कोयता आण. इळीनं न्हाई व्हायचं." आणि पंचाहत्तरीच्या त्या बाईनं भोपळा दोन पायांत धरून पहिला घाव स्वतः घातला. एका घावात नाही झाला. तीन लागले. आम्ही धरायला गेलो तर म्हणाली, "सरका, बोट जाईल."

तर त्या दिवशी त्या चुलीवर जे केलं, तेच आज सांगतो. पाच-सहा जणांना पुरेल असं माप सांगते आहोत, लिहून घ्या.

भोपळा साल-बी काढून अर्धा किलो. मुगाची डाळ दोन मोठे चमचे, धुऊन. मध्यम कांदा एक. लसूण सहा-सात पाकळ्या. आलं बोटाच्या पेराएवढं. मिरे सहा-सात, जिरं अर्धा चमचा. तूप किंवा घरात असेल ते तेल, एक मोठा चमचा. मीठ. अर्धं लिंबू. एवढंच. यातली एकही वस्तू तालुक्याला जाऊन आणायची नाही.

भोपळा निवडताना देठ बघायचा. देठ सुकलेला पण जागेवर असलेला चांगला. देठ तुटला की तिथूनच सड लागते. सालीत नख रुतलं तर तो कोवळा, भाजीला ठीक, सुपाला पाणचट होतो. हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागायला हवा. आणि फोडल्यावर एक छोटा तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून बघायचा. हे विसरू नका. गोडसर किंवा फिका लागला तर ठीक. कडू लागला तर सगळा टाकून द्यायचा. शिजवून, गूळ घालून, मसाला वाढवून चालवायचा नाही. कडू दुधीनं माणसं आजारी पडतात हे तुम्ही ऐकलं असेल; भोपळा त्याच कुळातला. कडू क्वचितच निघतो, पण निघाला तर जीव हळहळला तरी टाकायचा. शेरडांनाही घालायचा नाही.

आता कृती. पातेल्यात निम्मं तेल तापवायचं, कांदा जाडसर चिरून टाकायचा. तो लाल करायचा नाही, नुसता मऊ पडू द्यायचा. मग आलं, निम्मा लसूण, भोपळ्याच्या फोडी. फोडी दोन-तीन मिनिटं परतायच्या, कडांना जरा रंग येईपर्यंत. घाईत ही पायरी गाळू नका, चव इथंच येते. मग डाळ आणि तीन वाट्या पाणी. कुकर असेल तर तीन शिट्ट्या. पातेल्यात असेल तर झाकण ठेवून मंद जाळावर अर्धा तास. भोपळा आधी शिजतो, डाळीसाठी थांबावं लागतं. चूल असेल आणि वेळ असेल तर आमच्या आजींची युक्ती करा. भोपळ्याची मोठी फाक सालीसकट निखाऱ्यावर ठेवून द्यायची, वांगं भाजतो तशी. साल काळी होते, आतला गर मधासारखा गोड होतो. तो चमच्यानं खरवडून डाळीत घालायचा. भाजलेल्या भोपळ्याच्या सुपाला जी धुरकट चव येते, ती कुकरला येत नाही.

शिजल्यावर एकजीव करायचं. रवी घ्यायची आणि घुसळायचं, ताक करतो तसं. भोपळा इतका मऊ असतो की मिक्सरची गरजच नाही, आणि आपल्याकडे नेमक्या त्या वेळी लाईट नसते. गाळायचं नाही. गाळून चोथा टाकला की निम्मं सूप टाकलं. मग दोन वाट्या गरम पाणी, मीठ, आणि एक उकळी. पळीतून ओतलं की धार पडावी पण पाण्यासारखी नाही, पिठल्यापेक्षा पातळ आणि वरणाएवढं दाट. शेवटी कढल्यात उरलेलं तूप, जिरं, ठेचलेला लसूण, भरडलेले मिरे, आणि ती फोडणी वरून ओतायची. चर्रर्र झालं पाहिजे. चुलीवरून उतरवल्यावर लिंबू पिळायचं, आधी नाही. उकळत्यात पिळलं तर लिंबातलं जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं आणि चवही उतरते.

तूप-तेल कशाला, असं एकीनं विचारलं होतं. भोपळ्याला जो केशरी रंग आहे, त्याचंच शरीरात जीवनसत्त्व अ होतं, अंगणवाडीत लहान मुलांना ज्याचा डोस पाजतात ते. ते तेला-तुपाच्या सोबतीनं अंगात मुरतं. नुसत्या उकडलेल्या भोपळ्यापेक्षा फोडणी दिलेला बरा तो यासाठी. आणि डाळ यासाठी की भोपळ्यात पाणीच फार. नुसतं भोपळ्याचं पाणी पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगात ताकद जात नाही. आजारी माणसाला तर डाळ हवीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून द्यायची, मग ते खरं जेवण होतं.

त्या दिवशी सूप तयार झालं आणि तिनं स्वतः वाढायला घेतलं. आम्ही नको म्हणत होतो, पण घर तिचं. पहिली वाटी सासूला. मग दोन्ही मुलींना. मग आम्हाला चौघींना, पाहुण्या म्हणून. पातेलं तिरकं करून पळीनं खरवडून जे निघालं ते तिच्या वाटीत. दोन घोट. ज्या बाईसाठी सासूनं रीत मोडली, आम्ही चुलीपुढे बसलो, तिच्या वाटीत दोन घोट! आणि आमच्या हातात भरलेल्या वाट्या. आमच्यातल्या एकीनं काही न बोलता आपली वाटी तिच्या वाटीत ओतली, मग दुसरीनं. ती "अगं अगं" म्हणत राहिली. सासू मान खाली घालून पीत होती. दात नाहीत तिला, भाकरी दुधात भिजवून खायची, दूध नसेल तेव्हा पाण्यात. तिनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतली. म्हणाली, "तिला घाला आधी."

तेव्हापासून आमच्या गटात एक गोष्ट ठरली आहे. करणारीची वाटी आधी भरून, झाकून बाजूला ठेवायची. मग बाकीच्यांना वाढायचं. सगळ्यांच्या आधी प्यावं असं आमचं म्हणणं नाही, ते आपल्याला जमतही नाही. पण बाजूला काढून ठेवलेली वाटी पुन्हा पातेल्यात ओतायची नाही. एका काकींनी हा नियम घरी सांगितला तर सासरे म्हणाले, "गटात हेच शिकवतात का?" काकी म्हणाल्या, "व्हय."

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनी पोरांना सांगितली आहे. वाटेत वाघ-कोल्हे भेटतात, आणि ती त्यांना काय कबूल करते, आठवतंय ना? लेकीकडे जाऊन, चांगलं खाऊन-पिऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. त्या गोष्टीत पोरं भोपळ्याच्या टणाटण उड्यांना हसतात. आम्ही परवा बैठकीत बोलता बोलता थांबलो. म्हातारीला अंगावर मूठभर मांस चढवायला लेकीच्या घरीच का जावं लागलं? स्वतःच्या घरात काय चूल नव्हती?

असो. पुढच्या महिन्यापासून आम्ही बैठकीच्या दिवशी सूप करायला लागलो. बारा जणी, दोन किलो भोपळा. भोपळा ज्या बाईच्या दारी आलाय तिच्याकडून बाजारभावानं घ्यायचा, फुकट नाही. डाळ-तेल वर्गणीतून. आम्ही हिशोब मांडला तर वाटीमागे पाच-सहा रुपयांच्या पुढे जात नाही, म्हणजे त्या बिस्किटाच्या पुड्याएवढंच.

चुका पुष्कळ झाल्या. एकदा ज्वारीचं पीठ लावून दाट करायचं म्हणून कोरडं पीठच उकळत्यात टाकलं. गुठळ्या झाल्या, रवीनंही मोडेनात. पीठ लावायचं तर चमचाभर, आधी गार पाण्यात कालवून, मग ढवळत ढवळत घालायचं. पण दुसरी चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ग्रामपंचायतीच्या खोलीत लाईट होती म्हणून एकीनं मिक्सर आणला. उकळतं सूप भांड्यात काठोकाठ भरलं, झाकण घट्ट दाबलं, बटण फिरवलं. वाफेनं झाकण उडालं आणि गरम लगदा आमच्या सचिवताईंच्या मनगटावर. एकजण टूथपेस्ट आणायला धावली, दुसरी हळद शोधायला लागली. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. हात नळाखाली, साध्या वाहत्या पाण्यात, चांगली वीस मिनिटं. बांगड्या लगेच काढायच्या, हात सुजायच्या आत. सचिवताईंना फोड आला, दवाखान्यात दाखवलं, आठ-दहा दिवसांत बरा झाला, पण त्या महिन्याची वही दुसरीला लिहावी लागली. तेव्हा मिक्सर वापरायचाच असेल तर सूप कोमट होऊ द्या आणि भांडं निम्मंच भरा. आम्ही तर रवीवरच आलो परत.

आता कुणासाठी कसं, ते थोडक्यात. सहा महिन्यांवरच्या बाळाला द्यायचं तर घट्ट, चमच्यावरून न सांडणारं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-मिरं न घालता. सगळ्यांची फोडणी व्हायच्या आधीच बाळाचं काढून ठेवा. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना दाट करून, वर चमचाभर शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. साखरेचा आजार असलेल्यांनी एकच वाटी, पीठ न लावता, गूळ अजिबात न घालता, आणि ती जेवणात धरायची, जेवणावर वेगळी नाही. बाळंतिणीला चालतं. ज्यांच्या रक्ताचं प्रमाण कमी आहे त्यांनी हे नीट ऐका: सुपानं रक्त वाढतं असं आम्ही म्हणत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. सूप औषध नाही, पण भूक मेलेल्या माणसाच्या घशाखाली ते उतरतं, आणि एकदा उतरायला लागलं की भाकरीची वाट मोकळी होते. आमच्या त्या मैत्रिणीचं तसंच झालं. पहिले चार दिवस नुसतं सूप, मग सूप-भाकरी, मग पंधरवड्यात कोरड्यासाबरोबर भाकरी. आशाताईंबरोबर जाऊन रक्त तपासलं, गोळ्या चहाऐवजी लिंबूपाण्याबरोबर सुरू केल्या.

आणि दंड? आम्ही बैठकीत ठराव मांडला की तिचा १० रुपये दंड माफ करावा. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नियम तो नियम. दंड घ्या. पण त्या दिवशी माझी खबर घ्यायला चार दिवस लावले, त्याचा दंड गटानं भरावा." सगळ्या गप्प. तिनं १० रुपये ठेवले, आम्ही अकराजणींनी १०-१० ठेवले. त्या १२० रुपयांत पहिल्या बैठकीच्या सुपाची डाळ आणि तूप आलं. आता वहीत गैरहजेरीच्या रकान्याशेजारी आम्ही एक रकाना वाढवलाय, "घरी कोण जाऊन आलं".

एका घरात अजून कुरकुर आहे की सूप-बीप हे शहरी, परदेशी थेर. त्यांना आम्ही सांगितलं की भोपळाच मुळात परदेशी आहे. हा लाल भोपळा अमेरिका खंडातला. आपली मिरची तिकडचीच, शेंगदाणा तिकडचा, बटाटा-टोमॅटोही. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ही सगळी मंडळी जहाजांतून इकडे आली. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय आपला घास उतरत नाही, मग सुपानं काय घोडं मारलंय? यावर ते काका म्हणाले, "मिरची कुठली का असेना, झणका पाहिजे." त्यांच्या वाटीत आम्ही हिरव्या मिरचीचा ठेचा घालून दिला. पितात आता.

भोपळ्याचं काही टाकू नका. साल धुऊन, बारीक चिरून, तीळ-लसूण घालून तेलावर कुरकुरीत परतली की चटणी होते. बिया धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्या, तव्यावर भाजल्या की पोरं खिशात घालून शाळेला नेतात. कापलेला भोपळा ठेवायचा तर आधी मधला मऊ भाग आणि बिया काढून टाका, सड तिथूनच सुरू होते. फ्रीज नसेल तर दोन दिवसांत संपवा, शेजारणीला अर्धा द्या. आणि उरलेलं सूप चुलीवर तसंच रात्रभर ठेवू नका, डाळ असते, आंबतं.

ज्या घरांत अजून पहिला घाव गडीमाणसाचाच लागतो, तिथं आम्ही शेजारच्या पोराला हाक मारतो, घाव घालून घेतो आणि कामाला लागतो. पण ती सासू आता वाडीतल्या इतर बायकांचेही भोपळे फोडून देते. बोलावणं आलं की कोयता घेऊन जाते.

तिच्या त्या भोपळ्याच्या बिया आम्ही भाजल्या नाहीत. राखेत घोळून, वाळवून, कागदाच्या पुड्या बांधून गटाच्या पेटीत ठेवल्यात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की उकिरड्याच्या कडेला, एका आळ्यात तीन-तीन लावायच्या, आणि वेल वर चढवायला जुना पत्रा किंवा कुंपण बघून ठेवायचं. पुड्या चाळीसेक आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी येत्या मंगळवारी बैठकीला या, चार वाजता. सूप असेलच. वाटी मात्र आपापली आणा, मागच्या वेळी पाच कमी पडल्या होत्या.